अंगठ्याचं मत

कोपरखैरणे, सेक्टर पाच, सिडकोचं बैठं घर.
पुढच्या पडवीत माझं दुकान:
सोल्डरिंगची काडी, मल्टिमीटर, कानातले बोळे,
आणि श्रीखंडाच्या एका जुन्या डब्यात
शे-दोनशे सुटी बटणं.
लोक रिमोट देतात, बरोबर मत देतात.
मत फुकट. रिमोटचे दीडशे.

मढवींचा रुपेन म्हणतो, नवे गेम सगळे बोगस.
नुसता सिनेमा, मधेमधे आपण चालायचं.
घोडा देखणा, पण जायचं कुठे ते बाण सांगतो.
"बाण बंद करता येतो," मी म्हटलं.
"मग वाट चुकते ना, ताई."
त्याच्या रिमोटची डावी काठी
पुढच्या अंगाने घासून पांढरी पडलीये.
त्या बोगस माळरानावर
हा पोरगा किती रात्री सरळ चालत गेलाय,
मला दिसतं. मी बोलत नाही.
स्प्रिंग बदलते.

मुबीनाला अवघडच लागतं.
ज्या गेममध्ये चाळीसदा मरावं लागत नाही
तो तिच्या मते लहान मुलांचा.
हे सांगताना तिचा रिमोट माझ्या टेबलावर
दोन तुकड्यांत.
"पडला," ती म्हणाली.
भिंतीवर पडला असणार.

दिवेकर मॅडम पिशवीतून पिवळी कॅसेट काढतात.
जुनं ते जुनं, म्हणतात,
एक फुंकर मारली की चालायचं.
"फुंकरीने ओल जाते आत, पिना गंजतात,"
मी सांगितलं, त्यांनी नीट ऐकलं,
आणि डोळे मिटून फुंकर मारलीच.
दोघांनी खेळायचा, बंदुकीचा गेम होता.
भावाचे जीव संपले की तो
मॅडमच्या खात्यातला एक उचलायचा, न विचारता.
"मजा यायची हो," म्हणाल्या.
नेरूळच्या फ्लॅटच्या दाव्यात
भाऊ आता समोरच्या बाकावर बसतो.

शेडगे काका मात्र मत द्यायला आले नव्हते.
हातात मावणारा तो राखाडी पडद्याचा डबा,
वर छापलेलं नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव,
आत गेम एकच: वरून ठोकळे पडतात.
मसाला मार्केटात तीस वर्षं पाठीवर गोणी.
बटणांच्या फटीत हळद.
मी उघडला आणि दोनदा शिंकले.

"कसा आहे गेम?" मीच विचारलं.
त्यांनी बराच वेळ घेतला.
"यात थप्पी पुरी लागली
की ओळ नाहीशी हुती.
आमच्याकडं थप्पी लागली
की दुसरी गाडी लागती."
मग जरा थांबून,
"पण हे ज्यानं बनवलं
त्यानं कधीतरी थप्पी लावल्याली असणार.
लांबडा ठोकळा येत न्हाई,
आन् त्याच्यासाठी जागा राखून धरायची,
तवा पाठीत काय हुतं,
त्याला ठावं हाय."

रेशनच्या मशिनीवर काकांचा अंगठा उठत नाही.
तीनदा पुसून, तेल लावून, नाहीच.
या डब्याच्या उजव्या बटणावर
तो उठलाय. अंगठ्याएवढाच खळगा.
"आतलं रबर बदला," म्हणाले,
"वरलं बटण तेच असू द्या."

रात्री टेस्टिंगला म्हणून चालू केला.
माझा अंगठा त्या खळग्यात
थोडा सैल बसत होता.
डावीकडे एक उभी गल्ली मी मोकळी ठेवली,
बाकी सगळं भरत आणलं.
चौकोन आला. चौकोन. वाकडा. पुन्हा चौकोन.
बाहेर ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याची ती शिट्टी.
माझं मत कुणी विचारत नाही,
पण पावणेदोन वाजले होते
आणि चहा तसाच राहिला होता.
मग लांबडा आला एकदाचा.
घाईत मी तो
एक घर उजवीकडे टाकला.